जॅकमध्ये तेल कोणते घालावे?



आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल गॅरेजवर पेटते. कुणाचा मुलगा उस्तादाच्या हाताखाली शिकतो आहे, कुणाच्या भावाने नुकतेच स्वतःचे दुकान टाकले आहे. त्यांच्यासाठी या वेळी एक कामाचा विषय घेत आहोत. ट्रॉली जॅकचे तेल कमी झाले, तर त्यात काय घालावे? हाताशी ब्रेक ऑइलची बाटली किंवा इंजिन ऑइलचा डबा असतो. जे दिसेल ते ओतले जाते आणि जॅक त्या दिवशी गाडी उचलतोही. म्हणूनच चूक लगेच लक्षात येत नाही.

दांडा हलवला की छोटा पिस्टन तेल ढकलतो, ते मोठ्या सिलिंडरमध्ये जाते आणि गाडी वर उचलली जाते. त्या तेलाला परत फिरू न देण्याचे काम व्हॉल्व्ह आणि रबरी सील करतात. एवढे ओझे त्या लहानशा रबरावर असते. म्हणून तेल निवडताना आधी रबराचा विचार करावा.

बहुतेक जॅकमधले सील नायट्राइल रबराचे असतात आणि खनिज तेलात ते चांगले टिकतात. ब्रेक ऑइलच्या नावात ‘ऑइल’ असले तरी नेहमीचे ब्रेक ऑइल हे खनिज तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचे द्रव्य आहे. त्याने जॅकचे सील फुगतात, मऊ पडतात आणि शेवटी गळू लागतात. शिवाय ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे आतून गंज धरतो. उलटही तितकेच खरे आहे. जॅकचे तेल ब्रेकमध्ये गेले तर ब्रेकचे रबर खराब होते. बाटलीवरचे लेबल निघाले असेल, तर पेलाभर पाण्यात चार थेंब टाकून पाहावेत. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, खनिज तेल वर तरंगते.

इंजिन ऑइलने सील लगेच बिघडत नाहीत, पण ते बरेच घट्ट असते. जॅक जड चालतो आणि सावकाश खाली येतो. गाडीतून काढलेले जुने तेल तर घालूच नये. त्यातला बारीक कचरा व्हॉल्व्हच्या गोळीखाली अडकला की उचललेली गाडी आपोआप खाली बसू लागते.

मग घालावे काय? जॅकसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले. पुस्तिका हरवली असेल, तर दुकानात ‘जॅक ऑइल’ किंवा ३२ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल मागावे. हा नंबर तेलाच्या घट्टपणाचा असतो. ६८ नंबर हातजॅकला जड पडतो.

तेल भरताना जॅक सपाट जागी ठेवून पूर्ण खाली उतरवावा. बूच काढून भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच तेल भरावे. जास्त भरू नये. मग रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा मारावा, म्हणजे अडकलेली हवा निघते. पुन्हा पातळी पाहून बूच लावावे. चुकून ब्रेक ऑइल गेले असेल, तर ते सगळे काढून, आतून जॅक ऑइलनेच धुऊन सील बदलून घ्यावेत. काढलेले तेल गटारात ओतू नये. तेल योग्य असूनही जॅक बसत असेल, तर दोष सीलचा किंवा व्हॉल्व्हचा आहे. असा जॅक दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.

मापात खोट करू नये, ही शिकवण आपण तराजूपुरती समजतो. पण हाताखालच्या पोराला जो जॅक आपण देतो, त्यातही खोट असता कामा नये. ते पोर कुणाच्या तरी घरची अमानत आहे. शिवाय कितीही चांगला जॅक असो, तो गाडी उचलण्यापुरताच असतो. खाली शिरण्याआधी मजबूत स्टँड लावून गाडी त्यावर टेकवावीच. आधी उंट बांधावा, मग तवक्कल करावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातल्या भगिनींनीही आज संध्याकाळी आपल्या मुलाला किंवा भावाला एवढे जरूर विचारावे: बेटा, गाडीखाली जाताना स्टँड लावतोस ना?