मंजुरीच्या नकाशावर घर बांधू नका

गेल्या काही आठवड्यांत सभासद अभियंत्यांकडून आमच्या कार्यालयात आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: नकाशा ऑनलाइन छाननीतून परत आला. कारणे पाहिली तर घराचा त्यांच्याशी काही संबंध नाही. कुठे लेयरचे नाव चुकले, कुठे पॉलिलाइनचे टोक जुळले नाही, कुठे खोलीवर लिहिलेला शब्द संगणकाच्या यादीत नाही. त्रुटी दुरुस्त करून नकाशा पुन्हा चढवला की नवी त्रुटी निघते, जी पहिल्याच वेळी सांगता आली असती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. पण हप्त्याहप्त्याने त्रुटी काढत राहिले की हे साठ दिवस कधी भरतच नाहीत. ही पद्धत बंद झाली पाहिजे. एका नकाशाच्या सगळ्या त्रुटी एकदाच कळवा, ही मागणी आम्ही पुन्हा एकदा करत आहोत.

यातले एक पत्र थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. तालुक्याच्या गावातल्या एका परवानाधारक अभियंत्याचे ते आहे. प्लॉट एका गुंठ्याचा, म्हणजे १०१ चौ. मी. कुटुंबात दोन भाऊ, एकाचे लग्न झालेले, आणि गुडघ्यांनी थकलेली आई. तळमजल्यावर आईसाठी २.३० बाय ३.१० ची खोली, तिला लागून संडास-न्हाणी १.३५ बाय २.४०. खोली लहान असली तरी विचार करून काढलेली होती: एक पलंग, पायथ्याशी कपाट, पूर्वेला खिडकी आणि पलंगावरून उठून चार पावलांत संडास. नकाशावर त्यांनी ‘आईची खोली’ असे लिहिले. यंत्राने ते नाव ओळखले नाही. ‘बेडरूम’ लिहिले तर क्षेत्रफळ ७.१३ भरते आणि किमान ७.५० हवे. म्हणून ‘स्टोअर’ केले, तर स्टोअरला जोडून संडास कशाला, असा शेरा आला. शेवटी त्यांनी मधली भिंत १५ सेंटिमीटर संडासाकडे सरकवली. खोली ७.६० झाली, संडास १.२० बाय २.४० म्हणजे २.८८ चौ. मी., तोही किमान २.८० च्या वर. नकाशा मंजूर झाला.

आता ते १५ सेंटिमीटर कुठे गेले ते पाहा. खोलीत त्यांचा काही उपयोग नाही. पलंग तेवढाच, कपाट तेवढेच, पलंगाच्या कडेला एक पट्टी तेवढी रुंद झाली. संडासात मात्र तीच जागा सुनेला उभे राहायला होती. प्लॅस्टर आणि टाइल चढल्यावर १.२० चे जेमतेम १.१४ उरतात. कमोडच्या बाजूला आधाराचा दांडा लावायचा आणि म्हाताऱ्या माणसाला उठवताना कुणीतरी शेजारी उभे राहायचे, या दोन्ही गोष्टी त्यात होत नाहीत. नियम पाळला गेला आणि ज्या बाईसाठी तो कोपरा आखला होता तिचीच अडचण झाली.

किमान क्षेत्रफळाच्या विरोधात आम्ही नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने दोन खोल्यांच्या घरात एक खोली ९.५ आणि दुसरी ७.५ चौ. मी. ची मागितली ती कोंदट, अंधाऱ्या खोल्यांचा अनुभव घेऊनच. तो आकडा काढून टाकला तर उद्या सहा चौ. मी. च्या खोल्या विकल्या जातील. पण खरी अडचण दाखवल्यास सवलत देण्याचे अधिकार नियमावलीनेच प्राधिकरणाला दिले आहेत. ते वापरायचे तर कोणीतरी नकाशा उघडून वाचला पाहिजे. यंत्राचा अहवाल पुढे ढकलणे म्हणजे छाननी नव्हे. छाननीच्या टेबलावर बसलेला अभियंताही आपल्यासारखाच शिकलेला आहे. पाव मीटरचाही प्रश्न नसताना भिंत कुठे असावी हे त्याला कळते, आणि न कळण्याचे सोंग त्याने घेऊ नये.

इतके अधिकाऱ्यांबद्दल. आता आपल्याबद्दल, म्हणजे नकाशे काढणाऱ्यांबद्दल, कारण दोष निम्म्याहून अधिक आपला आहे.

त्याच अभियंत्याने पत्रात पुढे लिहिले आहे की, ‘नकाशा मंजूर झाला आणि त्याच प्रिंटवर काम सुरू केले’. हे वाक्य आम्हाला आईच्या खोलीपेक्षा जास्त बोचले. मंजुरीचा नकाशा १:१०० चा. त्यात सामासिक अंतरे, चटई क्षेत्र, पार्किंग आणि सेप्टिक टँक असतो. त्यात पलंग नसतो, दार कुठल्या बाजूला उघडते हे नसते, गॅसची टाकी, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, चपला, गव्हाची कोठी यांतले काही नसते. तो प्रिंट ठेकेदाराच्या हाती दिला की उरलेले सगळे निर्णय सेंट्रिंगवाला, गवंडी आणि प्लंबर घेतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. आपण न काढलेल्या रेषा ते त्यांच्या सवयीने काढतात.

खांबांचेच घ्या. मंजुरीच्या नकाशात आजही सर्रास २३० चे खांब दाखवतात, कारण ते भिंतीत दडतात आणि नकाशा स्वच्छ दिसतो. आयएस १३९२० ची २०१६ ची आवृत्ती खांबाची बाजू ३०० मि.मी. च्या खाली जाऊ देत नाही. किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या राज्यात हे कोणाला पटवून द्यावे लागू नये. स्ट्रक्चरल अभियंता बरोबर ३०० देतो, आतली भिंत असते १५० ची, आणि खांब १५० मि.मी. खोलीत येतो. त्या कोपऱ्यात दाराची चौकट असेल तर दार सरकते. दार सरकले की पलंगाची भिंत तुटते, पलंग खिडकीखाली जातो आणि मालक विचारतो, हे आधी का नाही सांगितले? आधी सांगता येते. सेंटरलाइन आखण्यापूर्वी स्ट्रक्चरलचा खांब आपल्या १:५० च्या नकाशावर ठेवून पाहिला की पुरते.

जिन्याची कथा याहून वाईट. मजल्याची उंची तीन मीटर आणि रायझर जास्तीत जास्त १९० धरला तर सोळा चढ लागतात. ट्रेड किमान २५० चा. दोन टप्प्यांचा जिना काढला तरी प्रत्येक टप्प्याला पावणेदोन मीटर धाव आणि पुढे लँडिंग. मंजुरीच्या नकाशात मोजून पाहा, कित्येकदा तेवढ्या पायऱ्या काढलेल्याच नसतात. साइटवर गवंडी मग आठ इंची चढ घेतो, आणि साठीनंतर त्या घराचा वरचा मजला घरच्या वडीलधाऱ्यांना बंद होतो. शिवाय त्याच जिन्याखाली संडास. मधले लँडिंग दीड मीटरवर येते, त्यातून वेस्ट स्लॅबची जाडी वजा केली की आत माणूस उभा राहू शकत नाही. म्हणून संडासाची जमीन खाली घेतली जाते, आणि ती चेंबरच्या पातळीजवळ गेली की पहिल्या मोठ्या पावसात पाणी उलटे आत येते. जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवा, पाण्याचा पंप ठेवा, सायकली ठेवा. संडास नको.

विदर्भ-मराठवाड्यातल्या सभासदांना आणखी एक. कर्त्या माणसाची खोली नैऋत्येला हवी, असा मालकाचा आग्रह असतो आणि आपण तो निमूट मान्य करतो. मे महिन्यात दुपारभर तापलेली तीच भिंत आणि तोच स्लॅब रात्री बारापर्यंत आत उष्णता सोडत राहतात. मालकाची श्रद्धा बदलायला जाऊ नका, ते आपले काम नाही. पण पश्चिमेच्या भिंतीलगत कपाटे, न्हाणी किंवा जिना घालता येतो, खिडकी दक्षिणेला घेऊन तिच्यावर पुरेसा छज्जा काढता येतो. खोली नैऋत्येतच राहते आणि माणूस झोपूही शकतो. हे सुचवण्यासाठीच आपण मानधन घेतो.

जुन्या सवयींचा एक शेवटचा प्रकार सांगतो, कारण त्याला आता काही निमित्तही उरलेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली तेव्हापासून क्षेत्रफळ पी-लाइनने, म्हणजे बांधकामाच्या बाह्य रेषेने, मोजले जाते. जिना, बाल्कनी सगळे त्यात आले, आणि त्याबदल्यात निवासी इमारतीला ६० टक्के पूरक चटई क्षेत्र मिळाले. म्हणजे बाल्कनी फुकटात दाखवून नंतर खोलीत घ्यायची, ही जुनी क्लृप्ती निरर्थक झाली. तरीही आमच्याकडे येणाऱ्या नकाशांत खोलीपुढे तीच दीड मीटरची बाल्कनी असते, जी बांधून होताच ग्रिल लावून बंद होणार हे मालकाला, ठेकेदाराला आणि आपल्याला ठाऊक असते. जी जागा खोलीच व्हायची आहे ती पहिल्यापासून खोली म्हणून काढा, तिला नीट खिडकी द्या, तिच्या कडेला तुळई कुठे येते ते बघा. नियमावली वाचली नसेल तर आता तरी वाचा. इतक्या वर्षांनी ‘नवे नियम’ म्हणत राहणे शोभत नाही.

पावसाळा उतरणीला लागला आहे. दसऱ्याला कुदळ मारायची म्हणून मालक घाई करतील. पितृपक्षात कोणी काम सुरू करत नाही, तो पंधरवडा आपला आहे. हातातला प्रत्येक मंजूर नकाशा पुन्हा काढा, १:५० वर, खऱ्या मापाचे सामान मांडून, प्लॅस्टर धरून, स्ट्रक्चरलचे खांब बसवून. दाराच्या चौकटी मोजा. म्हाताऱ्यांच्या खोलीच्या आणि संडासाच्या दाराला ७५० वर थांबू नका, ९०० द्या. फरक एका विटेहूनही कमी आहे आणि जोत्याच्या वेळी तो फुकट मिळतो. घर झाल्यावर त्यासाठी भिंत फोडावी लागते. मालकासोबत त्याच्या आईला, बायकोला बसवून तो नकाशा दाखवा आणि सकाळी सहा ते नऊ घरात कोण कुठे असते हे विचारा. बाह्य रेषा किंवा क्षेत्रफळ बदलत असेल तर सुधारित परवानगी घ्या, आत फक्त दार किंवा कपाट सरकत असेल तर उगाच घाबरू नका.

आणि या कामाचे पैसे मागा. मंजुरीचे शुल्क घेऊन मोकळे व्हायचे आणि कार्यकारी नकाशे ‘मालक देत नाही हो’ म्हणून सोडून द्यायचे, हे बंद केले नाही तर तालुक्याच्या गावात आपली ओळख सही-शिक्क्यापुरतीच राहील. करारात दोन्ही कामे वेगळी लिहा आणि वेगळी आकारा.

आमची विनंती अशी. एक ते दीड गुंठ्यातल्या, तीन पिढ्यांच्या घराचा तुम्ही केलेला १:५० चा कार्यकारी नकाशा आमच्याकडे पाठवा, सोबत त्याच घराचा मंजुरीचा नकाशाही. मालकाचे नाव आणि गट नंबर झाकून पाठवा. दोन्ही शेजारी शेजारी छापू, आणि कुठे काय बदलले व का, हे तुमच्याच शब्दांत देऊ. छाननीत अडकलेल्या नकाशांच्या त्रुटीपत्रांच्या प्रतीही पाठवा. नगररचना विभागाकडे निवेदन द्यायचे तर हातात कागद हवेत. पुढच्या महिनाअखेरपर्यंत आलेले नकाशे नोव्हेंबरच्या अंकात घेऊ.