सर्व्हर डाऊन : सातबाऱ्याची दुसरी प्रत कोठे आहे?

उंब्रज, प्रतिनिधी – तारळी जेथे कृष्णेला मिळते, त्या उंब्रजची बाजारपेठ आसपासच्या अनेक खेड्यांची आहे. येथे येणारा शेतकरी खत-बियाणे, दवाखाना, बँक आणि सातबाऱ्याचा उतारा अशी चार कामे एकाच फेरीत उरकण्याच्या बेताने निघतो. त्यांपैकी उताऱ्याचे काम 'सर्व्हर डाऊन आहे' या तीन शब्दांपाशी अडले, की बँकेचेही अडते. कारण पीककर्जाच्या प्रकरणाला उतारा लागतोच. एसटीचे भाडे गेले, दिवसाची मजुरी गेली, आणि उद्या पुन्हा यायचे, ते कोणाच्या भरवशावर, हेही कळत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ रोजी सुरू झाला. पंधरा रुपयांत कोठूनही मिळणाऱ्या या उताऱ्याने तलाठी कार्यालयाचे हेलपाटे कमी केले, हे मान्यच करावे लागेल. डिसेंबर २०२५ मध्ये महसूल विभागाने या उताऱ्याला कायदेशीर मान्यता देऊन सही-शिक्क्याची गरजही संपवली. मात्र कागदाचे महत्त्व जितके घटले, तितकी संगणकावरील नोंदींच्या साठ्याची, म्हणजे डेटाबेसची, जबाबदारी वाढली. पूर्वी एका तलाठ्याची रजा एका सज्जापुरती असे. आता मध्यवर्ती डेटाबेस थांबला, तर अवघे राज्य एकाच वेळी रजेवर जाते.

यावरचा उपाय नवा नाही. एकाच सर्व्हरवर विसंबून न राहता दोन किंवा अधिक सर्व्हर एकत्र बांधायचे, म्हणजे 'क्लस्टर' करायचा. हे सर्व्हर दर काही क्षणांनी एकमेकांना 'मी जागा आहे' असा संदेश देत राहतात. एकाचा संदेश बंद झाला, की दुसरा त्याचे काम हाती घेतो. कागदावर हे सोपे दिसते. खरी गोम आहे ती पुढे.

समजा, एका सज्जाला दोन तलाठी नेमले आणि दोघांमधील दूरध्वनी तुटला. प्रत्येकाला वाटते, दुसरा गैरहजर आहे. मग दोघेही आपापल्या वहीत एकाच गटाचे फेरफार लिहू लागतात. दूरध्वनी जोडला जातो, तेव्हा एकाच जमिनीचे दोन मालक निघतात! संगणकतज्ज्ञ याला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात. म्हणूनच क्लस्टरमध्ये तिसरे, निर्णायक मत ठेवावे लागते. बहुमत ज्या बाजूला, तीच बाजू लिहिणार आणि दुसरी गप्प बसणार. अमेरिकेतील 'गिटहब' या कंपनीत ऑक्टोबर २०१८ मध्ये अवघ्या ४३ सेकंदांसाठी जोड तुटली. तेवढ्या वेळात देशाच्या दोन टोकांना वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि त्या जुळवून सेवा पूर्ववत होण्यास चोवीस तासांहून अधिक काळ लागला.

दुसरा प्रश्न नोंदींच्या नकलेचा. दोन्ही वह्यांत लिहून झाल्यावरच 'काम झाले' म्हणायचे, की एका वहीत लिहून दुसरीकडे नक्कल मागाहून पाठवायची? पहिल्या पद्धतीत नोंद हरवत नाही, पण काम मंदावते. दुसरीत काम वेगाने होते, परंतु ऐनवेळी शेवटच्या काही नोंदी वाटेतच राहू शकतात. जमिनीच्या हक्काच्या बाबतीत कोणती निवड करावी, हे सांगायला तज्ज्ञ नको.

मुंबईचा अनुभव याहून बोलका आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या, पर्यायी केंद्रे होती. तरीही जोडण्या बिघडताच माहितीचा सामायिक साठा अडला आणि सारे ठप्प झाले. त्यानंतर 'सेबी'ने बाजारांना नियम घालून दिला : बिघाड झाल्यास अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि त्यापुढील ४५ मिनिटांत सेवा सुरू करा. त्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, मुख्य केंद्राची वीज गेल्याने एचडीएफसी बँकेची सेवा विस्कळीत झाली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तिच्या नव्या डिजिटल योजनांवर आणि नव्या क्रेडिट कार्डांवर निर्बंध आणले होते.

क्लस्टर म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे, हेही लक्षात घ्यावे. चुकीने पुसलेली नोंद जोडीदार सर्व्हरवरही तत्परतेने पुसली जाते. म्हणून दूरच्या गावी, वेगळी ठेवलेली प्रत हवीच. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील डेजॉनच्या सरकारी केंद्राला आग लागली आणि सुमारे साडेआठशे टेराबाइट शासकीय दस्तऐवज गेले, कारण त्यांची प्रत अन्यत्र नव्हती. कृष्णाकाठाला हे वेगळे समजावून सांगायला नको. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. एकाच ठिकाणी ठेवलेल्या दप्तराचे काय होते, हे या खोऱ्याने पाहिले आहे.

वर्षभरात ९९ टक्के वेळ चालणारी सेवा ऐकायला उत्तम वाटते. पण उरलेला एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक. ते दिवस ऐन खरिपाच्या कर्जवाटपात आले तर? ९९.९ टक्क्यांत ही बंदी सुमारे पावणेनऊ तासांवर, तर ९९.९९ टक्क्यांत एका तासाच्या आत येते. या प्रत्येक पायरीला पैसा लागतो, आणि तो खर्च करायचा की नाही हा निर्णय तांत्रिक नसून धोरणाचा आहे.

महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क अधिनियमाने २०१५ मध्ये मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. ज्या हक्काची वाट संगणकातून जाते, तो संगणक किती तास चालला याचा हिशेबही त्या हक्काचाच भाग मानायला हवा. सातबाऱ्याची सेवा दर महिन्याला किती काळ बंद होती हे जाहीर व्हावे, पर्यायी केंद्रावर काम हलवण्याची तालीम ठरावीक काळाने व्हावी, आणि सेवा बंद असलेले दिवस शेतकऱ्याच्या मुदतीतून वगळले जावेत. शेअर बाजार चार तास थांबला, तर नियामक जाब विचारतो. उंब्रजच्या थांब्यावर रिकाम्या हाताने एसटीची वाट पाहणाऱ्याच्या वतीने तो कोणी विचारायचा, हा खरा प्रश्न आहे.