घर बाईच्या नावावर, करार कुणाच्या?

१९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून दिला. आता घराच्या कागदावरही बाई आली आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घरकुल शक्यतो बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर होतं. ते बांधून घेण्याचा सौदा मात्र पानठेल्यावर, पुरुषापुरुषांत, तोंडी होतो.

दर्यापूर, मूर्तिजापूर भागातल्या बचत गटांत मी एकच गाऱ्हाणं वारंवार ऐकते: ठेकेदारानं उचल घेतली, जोत्यापर्यंत काम केलं आणि दुसरीकडे निघून गेला. घरकुलाचं अनुदान बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतं. काम थांबलं की पुढचा हप्ताही थांबतो. मग बाईचा दागिना गहाण पडतो, आणि रेजाची मजुरीही बुडते.

त्यात आपली जमीन. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ राहिला की भिंती तडकतात. खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी काँक्रीटमध्ये वापरलं तर सळई गंजते. पण पाया किती खोल, पाणी कुठलं, हे ठरलंच नसेल तर तडा कुणाच्या माथी मारायचा?

माझी एक मैत्रीण एकटीच्या बळावर वकिली करते. हाताखाली ना कारकून, ना ज्युनिअर. ती सांगते, ‘अशी बाई आली की माझा पहिला प्रश्न, कागद काय आहे?’ १८७२च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच. पण तो सिद्ध करणं कठीण. आणि सौदा झाला तेव्हा बाई हजरच नसेल, तर ती साक्ष तरी कशाची देणार?

गावातल्या माणसाकडं लेखी मागणं म्हणजे अविश्वास, असं काहीजणी म्हणतात. मला ते पटत नाही. सिमेंट वेळेवर मिळालं नाही, हे मिस्त्रीलाही त्याच कागदावरून दाखवता येतं.

मैत्रिणींनो, वहीचं एक पान पुरे. पाया किती खोल, साहित्य कोण आणणार, मजुरी कोण देणार, कुठल्या टप्प्याला किती रक्कम, काम कधी संपणार. खाली दोन्ही बाजूंच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यात बाईची हवीच. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती.

तरीही भांडण झालंच, तर ग्राहक कायद्यात घरबांधणी ही सेवा आहे. अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. शिवाय १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो.

सातबाऱ्यावर, घरावर नाव लागावं म्हणून आपण भांडलो. आता सौद्यालाही आपणच बसायचं. ज्यांची घरकुलं मंजूर झाली आहेत, त्यांचे करार गटाच्या पुढच्या बैठकीत लिहून काढू या.