पापनिवेदन आणि राजदंड

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ, बिस्बी नावाचे छोटे गाव आहे. तेथील सरकारी नोकरीतील एका गृहस्थाने आपल्या चर्चच्या बिशपसमोर बसून कबुली दिली की, आपण पोटच्या पाच वर्षांच्या मुलीवर लैंगिक अत्याचार केला आहे. हे २०१० च्या सुमारास घडले. चर्चच्या म्हणण्यानुसार २०११ च्या अखेरीस. बिशप हादरला. परंतु त्याने पोलिसांना कळविले नाही. अशा प्रसंगासाठी चर्चच्या मुख्यालयाने दिलेला दूरध्वनी क्रमांक त्याने फिरविला. पलीकडून वकिलांचा सल्ला मिळाला. आपल्याला काहीही करता येणार नाही असे सांगण्यात आले, असे त्या बिशपनेच पुढे तपास अधिकाऱ्यांना सांगितले.

२०१३ मध्ये त्या बापाला चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. चर्चच्या दृष्टीने प्रकरण मिटले. घरात मात्र काहीच मिटले नव्हते. २०१५ मध्ये त्याला आणखी एक मुलगी झाली आणि तीही सुटली नाही. अखेर २०१७ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडच्या पोलिसांना एका तपासात चित्रफीत सापडली आणि तिचा माग काढत अमेरिकी अधिकारी बिस्बीतील त्या दारापर्यंत पोहोचले. खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपीने कोठडीत आत्महत्या केली. माहीत असून गप्प राहिलेल्या आईला तुरुंगवास झाला. न्यूझीलंडच्या पोलिसांना जे शोधून काढावे लागले, ते त्या घरापासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या धर्माधिकाऱ्याला किमान पाच वर्षे ठाऊक होते.

हे चर्च म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जग त्याला मॉर्मन चर्च म्हणून ओळखते. १८३० मध्ये जोसेफ स्मिथ याने स्थापन केलेल्या या पंथाचे मुख्यालय यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे आणि चर्चच्या सांगण्यानुसार त्याची सदस्यसंख्या १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे. (याच पंथात मृत व्यक्तींना परस्पर बाप्तिस्मा देण्याची प्रथा आहे आणि महात्मा गांधींनाही असा बाप्तिस्मा दिला गेल्याचे वृत्त २०१२ मध्ये आले होते. त्या अजब प्रकाराविषयी पुन्हा केव्हातरी.)

आमच्या वाचकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मॉर्मन बिशप हा कॅथलिक बिशपसारखा झगा घातलेला, वेतनभोगी, अविवाहित पुरोहित नसतो. तो शिक्षक असतो, डॉक्टर असतो, दुकानदार असतो. चरितार्थाचा उद्योग सांभाळून, साधारण पाच वर्षे, एक पैसाही न घेता तो आपल्या वस्तीतील चारपाचशे लोकांची काळजी वाहतो. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा मुलगा वाईट संगतीत आहे, हे सारे तो पाहतो. संघटनेच्या कामात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना हा माणूस परका वाटण्याचे कारण नाही. मॉर्मन समाजाची कुटुंबनिष्ठा, निर्व्यसनीपणा, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची शिस्त या गोष्टी मतभेद असूनही मान्य केल्या पाहिजेत.

पण याच बिशपला तेथे न्यायाधीशही मानले जाते. गंभीर पाप घडले तर सदस्याने त्याच्यापुढे कबुली द्यावी, पश्चात्ताप खरा आहे की नाही हे त्याने ठरवावे, आवश्यक तर मंडळ भरवून शिक्षा सुनावावी, अशी रचना आहे. ती का निर्माण झाली हे इतिहासावरून कळते. जोसेफ स्मिथला १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून मारले. त्याचे अनुयायी गावोगावहून हाकलले गेले आणि १८४७ मध्ये यूटाच्या वाळवंटी मुलखात पोहोचले. बाहेरच्या न्यायालयावर विश्वास ठेवण्याजोगे त्यांच्या वाट्याला फारसे काही आले नव्हते. आपले तंटे आपल्यातच मिटवावेत ही वृत्ती तेव्हा बाणली आणि एकोणिसाव्या शतकात दिवाणी स्वरूपाचे वादही बिशपच्या न्यायासनापुढे चालत. छळ झालेल्या समाजाची ती ढाल होती. ढाल हातात राहिली आणि शत्रू नाहीसा झाला, की तिच्याआड काय लपविले जाईल याचा नेम नसतो.

१९९५ मध्ये चर्चने बिशपांसाठी मदतवाहिनी सुरू केली. मुलांवरील अत्याचाराची माहिती कळताच तिच्याशी संपर्क साधावा, असा नियम आहे. ही मदतवाहिनी पीडितांच्या संरक्षणासाठीच आहे आणि कायदा पाळण्यास ती बिशपांना साहाय्य करते, अशी चर्चची भूमिका आहे. बिस्बीच्या बाबतीतही आपल्यावर अन्याय्य चित्रण लादले गेले, असे चर्चने ऑगस्ट २०२२ मध्ये म्हटले. त्याच महिन्यात असोसिएटेड प्रेसचे मायकेल रेझेंडिस यांनी या प्रकरणाचे वृत्तांत प्रसिद्ध केले होते. हे तेच पत्रकार, ज्यांच्या चमूने २००२ मध्ये बॉस्टनच्या कॅथलिक चर्चमधील अत्याचार उघडकीस आणले. एका वेगळ्या खटल्यातील सुमारे १२ हजार पानांच्या मोहोरबंद कागदपत्रांवरून त्यांनी दाखविले की, मदतवाहिनीवरील गंभीर प्रकरणे चर्चची वकिली करणाऱ्या कर्टन मॅकाँकी या कंपनीकडे जातात आणि संभाषणाच्या टिपणांची रोज दिवसअखेर विल्हेवाट लावली जाते. मदत कोणाची होते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता आहे काय?

यावर कायद्याचे कवच असे की, ॲरिझोनासह अमेरिकेतील अनेक राज्यांत धर्मगुरूंना मुलांवरील अत्याचार कळविणे बंधनकारक असले, तरी कबुलीतून मिळालेली माहिती त्याला अपवाद आहे. बिस्बीच्या मुलांनी चर्चवर दावा लावला, तेव्हा याच अपवादाच्या आधारे कनिष्ठ न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो फेटाळला.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक मुद्दा आहे. कॅथलिक पाद्री कबुलीतील शब्द कोणालाही सांगू शकत नाही. सांगितला तर तोच बहिष्कृत होतो. त्या नियमाशी आमचा मतभेद आहे, तथापि त्यात सुसंगती आहे. मॉर्मन बिशपची गोपनीयता तशी नाही. त्याने ऐकलेली गोष्ट मदतवाहिनीला कळते, तेथून वकिलांना कळते, वरिष्ठांना कळते, बहिष्काराचा निर्णय घेणाऱ्या मंडळालाही कळते. एवढ्या कानांवरून गेलेले गुपित केवळ पोलीस ठाण्याच्या पायरीवर पवित्र होते! ही श्रद्धा मानावी की जोखमीचे व्यवस्थापन? ‘जोखीम व्यवस्थापन’ हा शब्द आमचा नव्हे, चर्चमध्ये त्या नावाचा विभागच आहे. त्याच्या संचालकाने, आयडाहोतील एका माजी बिशपच्या मुलीने वडिलांवर आरोप केल्यानंतर, तिला ३ लाख डॉलर देऊ केले. अट अशी की तिने मौन पाळावे आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करावीत. हा संवादच ध्वनिमुद्रित झाला होता आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वडिलांची कबुली ऐकणाऱ्या बिशपने साक्ष दिली नाही आणि फौजदारी खटला मागे पडला.

आमच्या पेशवाईतही एक गुन्हेगार प्रायश्चित्त विचारायला आला होता. नारायणरावांच्या खुनानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. धर्मासनावर बसलेल्याने सत्ताधीशाला हे उघडपणे ऐकविले, म्हणूनच ते नाव अडीचशे वर्षांनंतरही घरोघरी घेतले जाते.

मॉर्मन समाजात आवाज उठलाच नाही असे नव्हे. ह्यूस्टनचे माजी बिशप सॅम यंग यांनी, बंद खोलीत अल्पवयीन मुलामुलींना लैंगिक आचरणाविषयी प्रश्न विचारण्याच्या प्रथेविरुद्ध २०१८ मध्ये उपोषण केले. चर्चने मुलाखतीच्या वेळी दुसरी प्रौढ व्यक्ती सोबत ठेवण्याची मुभा त्याच वर्षी दिली, आणि त्याच वर्षी सॅम यंग यांना बहिष्कृतही केले. चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात बलात्काराची तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींचीच आचारसंहिता-भंगासाठी चौकशी होत असे. ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ने ते वेशीवर टांगले, तेव्हा ऑक्टोबर २०१६ मध्ये तक्रारदारांना अभय देण्याचे ठरले, वृत्तपत्राला पुढील वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला.

कायदा बदलण्याचे प्रयत्नही झाले. वॉशिंग्टन राज्याने मे २०२५ मध्ये कबुलीचा अपवाद काढून टाकला. कॅथलिक बिशप न्यायालयात गेले, संघराज्याचे न्याय खाते त्यांच्या बाजूने उभे राहिले, जुलैमध्ये स्थगिती आली आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने कबुलीपुरती माघार घेतली. दरवर्षी भारताला धार्मिक स्वातंत्र्याचे धडे देणारे अहवाल ज्या देशातून येतात, तेथे या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजत आहे, हे त्यानिमित्ताने दिसले.

भारताचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. त्यात पाद्री, महंत, मौलवी असा अपवाद नाही. संस्थाप्रमुखाने दडविले तर एक वर्षापर्यंत कारावास आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती दडविणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये बजावले.

परंतु कायद्याची अक्षरे आणि समाजाचे वर्तन यांत अंतर असते, आणि ते आपल्याही घरात आहे. आसारामला जोधपूरच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये जन्मठेप सुनावली. त्याआधी पाच वर्षे त्या अल्पवयीन मुलीलाच खोटे ठरविण्यासाठी रस्त्यावर उतरलेले लोक स्वतःला धर्मरक्षक म्हणवीत होते. संस्थेची बदनामी होईल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, आजवरचे काम पाण्यात जाईल, हे युक्तिवाद सॉल्ट लेक सिटीत जन्मलेले नाहीत. ते आपल्या बैठकांतही ऐकू येऊ शकतात, आणि बोलणारा माणूस बहुधा वाईट नसतो. बिस्बीचा बिशपही वाईट माणूस नव्हता.

मॉर्मन चर्चने २०१८ मध्ये बंगळूर येथे भारतातील आपल्या पहिल्या मंदिराची घोषणा केली आणि २०२० मध्ये त्याची पायाभरणी झाली. चर्चच्या नियमपुस्तकानुसार, जेथे मदतवाहिनी नाही त्या देशांत स्थानिक प्रमुखांनी चर्चच्या प्रादेशिक कार्यालयातील विधी सल्लागाराशी संपर्क साधावयाचा असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये चर्चच्या अध्यक्षपदी आलेले डॅलिन ओक्स हे स्वतः यूटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आहेत. कलम १९ चा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागणार नाही. भारतातील बिशपने असा दूरध्वनी केला, तर त्याला पहिले वाक्य कोणते ऐकविले जाते, हे चर्चने जाहीर करावे आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने ते लेखी मागवून घ्यावे.