फायनल, फायनल-२ आणि आपला कडुनिंब

गेल्या सत्रात आम्हा चौघांना आपल्या हॉस्टेलच्या अंगणाचा लँडस्केप आराखडा करायचा होता. ऑटोकॅड सगळ्यांनाच येतं, मग काय, पहिल्याच रात्री रेघा मारायला बसलो! पंधरा दिवसांनी पेन ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच फायनल’ आणि ‘सरांना दाखवायची’ अशा चार फाइली. त्यातली खरी कुठली, हे एकालाही सांगता येईना.

सबमिशनच्या आदल्या दिवशी मेसच्या मामांनी प्रिंट पाहिली आणि विचारलं, “पोरांनो, कडुनिंब कुठंय?” आमची फरशीची वाट थेट त्याच्या खोडातून गेली होती. सुधारलेल्या सर्व्हेत झाड होतं; पण जुन्या सर्व्हेची कॉपी मी माझ्या फाइलमध्ये चिकटवली होती आणि तिच्यावरच काम करत बसलो होतो. चूक माझीच. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे खरं. पण नकाशात जे झाडच नाही, त्याची परवानगी मागायचं कुणाला सुचणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : पहिली रेघ मारण्याआधी प्रोजेक्टची घडी बसवा. सर्व्हे, इमारत, झाडं, पाणीपुरवठा, दिवे या सगळ्यांच्या वेगळ्या फाइली ठेवा. प्रत्येक फाइलीचा मालक एकच. इतरांनी ती कॉपी करायची नाही, एक्स-रेफ म्हणून जोडायची. म्हणजे मूळ सर्व्हे सुधारला की जोडलेल्या नकाशातही तो सुधारतो. जोडताना रिलेटिव्ह पाथ ठेवा आणि फोल्डर आहे तसंच्या तसं न्या. नाहीतर लॅबच्या मशीनवर ‘नॉट फाउंड’ ठरलेलंच. मीटर की मिलिमीटर, तेही आधीच ठरवा. नाहीतर झाड हजारपट मोठं होऊन सगळं अंगण गिळतं! जुनी झाडं, काढायची झाडं आणि नवी लागवड यांचे लेयर वेगळे हवेत. हे सगळं टेम्प्लेटमध्ये एकदा घालून ठेवलं की पुढच्या बॅचलाही आयतं मिळतं. फाइली बाहेर द्यायच्या असतील तर ‘ई-ट्रान्समिट’ वापरा. जोडलेल्या फाइलींसकट एकच झिप होते.

काहीजण म्हणतील, चार पोरांच्या प्रोजेक्टला एवढा सोपस्कार कशाला? अहो, हा सोपस्कार तासाभराचा. आमच्या दोन रात्री मात्र फाइली जुळवण्यात गेल्या. आणि आज चौघं आहोत, उद्या साइटवर आर्किटेक्ट, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, माळी सगळेच असतील. तिथे ‘खरंच फायनल’ चालत नाही.

सरांनाही एक नम्र विनंती. पहिल्या रिव्ह्यूला नकाशा मागू नका, फोल्डर मागा. आणि त्याला चार मार्क ठेवा. मार्क असल्याशिवाय आम्ही काही करत नाही, हे आपण जाणताच!

एक मात्र खरं. सॉफ्टवेअर कितीही शहाणं असलं तरी सर्व्हेत न घेतलेलं झाड ते दाखवणार नाही. त्यासाठी प्रिंट हातात घेऊन अंगणात एक चक्कर मारावीच लागते. मामांना ऑटोकॅड येत नाही, पण कडुनिंब कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमची वाट आता खोडाला वळसा घालून जाते. नकाशात, अर्थातच. फाइलीचं नाव? तारीख आणि नंबर. ‘फायनल’ हा शब्द आम्ही कायमचा सोडलाय.