युद्धपट : पाहणे आणि बोलणे

निवासी शाळेत चित्रपट दाखवावेत की नाहीत, हा वाद आता जुना झाला. परंतु युद्धपट दाखवावेत काय, असा प्रश्न निघाला की आजही मतभेद होतात. मैत्री आणि करुणा यांचे संस्कार देऊ पाहणाऱ्या संस्थेत तोफा-बंदुकांची दृश्ये कशासाठी, असे अनेकांना मनापासून वाटते. या आक्षेपामागील तळमळ आम्हांस मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. आमचे मत असे की, वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना जगातील उत्तम युद्धपट अवश्य दाखवावेत. मात्र त्यास एक अट असावी. चित्रपट संपताच कोणी उठून जाऊ नये. पाहण्यास जेवढा वेळ दिला, त्याच्या निम्मा तरी वेळ त्यावर बोलण्यास द्यावा.

आमच्यापैकी काही शिक्षक आहेत, काही माजी विद्यार्थी, तर एक-दोघे सैन्यातून निवृत्त झालेले. चित्रपटांच्या आवडीने आम्ही एकत्र आलो आणि गेली काही वर्षे जुने युद्धपट सोबत बसून पाहत आहोत, त्यांवर कडाडून वादही घालीत आहोत. या वादांतून तीन प्रश्न आमच्यात रुळले. कोणताही युद्धपट असो, त्यास हे तीन प्रश्न विचारल्यावाचून आमची बैठक उठत नाही.

पहिला प्रश्न : शत्रूला चेहरा आहे काय?

एरिख मारिया रेमार्क यांच्या कादंबरीवरून लुईस माइलस्टोन यांनी १९३० साली 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा चित्रपट केला. चित्रपट अमेरिकेचा, कथा मात्र जर्मन सैनिकांची, म्हणजे अवघ्या बारा वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिका ज्यांच्याशी लढत होती त्यांची. त्यातील पॉल हा कोवळा सैनिक तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि त्याच मरणाऱ्या माणसाशेजारी त्याला रात्र काढावी लागते. तो त्याला पाणी पाजू पाहतो, त्याची क्षमा मागतो. मग मृताच्या खिशातून त्याच्या पत्नीचे व मुलीचे छायाचित्र निघते. हा चित्रपट बर्लिनमध्ये लागला तेव्हा नाझींनी चित्रपटगृहात उंदीर सोडले, दुर्गंधीचे गोळे फोडले. काही दिवसांतच जर्मनीत त्यावर बंदी आली. एका खड्ड्यातील दोन माणसांची त्यांना एवढी धास्ती का वाटावी, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे.

ज्याँ रन्वार यांच्या १९३७ च्या 'ग्रँड इल्यूजन'मध्ये तर लढाईचे दृश्य जवळजवळ नाहीच. युद्धबंदी झालेला फ्रेंच सरदारपुत्र आणि त्याच्यावर पहारा ठेवणारा जर्मन अधिकारी एकमेकांना जितके जवळचे वाटतात, तितके त्यांना स्वतःचे सैनिक वाटत नाहीत. माणसामाणसांतील अधिक खोल रेषा राष्ट्राची की वर्गाची, यावर आमच्यात दोन तास चर्चा झाली. आपल्या देशात या प्रश्नात आणखी एक शब्द घालावा लागतो, हे वाचकांस सांगावयास नको.

आपल्याकडील चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४) हा १९६२ च्या लडाखमधील लढाईवरचा चित्रपट. त्याचे शेवटचे गीत राष्ट्रीय सणांना सर्वत्र वाजते. परंतु तो विजयाचा नसून माघारीचा व एकाकी मरणाचा चित्रपट आहे, हे ते गीत गाणाऱ्या किती मुलांना ठाऊक असते? त्यात शत्रूला चेहरा नाही, असे आम्ही काहीजण म्हणालो. त्यावर आमच्यातील एक निवृत्त जवान म्हणाले, "जखम दोनच वर्षांची होती, तेव्हा कोणाकडून काय मागावे याचाही विचार करा." दोन्ही बाजू तशाच राहिल्या, आणि त्या तशा राहिल्या हे बरेच झाले.

दुसरा प्रश्न : आज्ञा कोठून येते आणि मरण कोठे येते?

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी'मध्ये (१९५७) सेनापती राजवाड्यात राहतात व सैनिक चिखलाच्या खंदकात. अशक्य चढाई फसते, तेव्हा भ्याडपणाचे उदाहरण घालून देण्यासाठी तीन सैनिकांना आपल्याच सैन्याकडून गोळ्या घालण्याचे ठरते. हे तिघे निवडले कसे जातात, ते पाहण्यासारखे आहे. एकाचे नाव चिठ्ठी टाकून निघते. दुसऱ्याने आपल्या अधिकाऱ्याचे दुष्कृत्य पाहिलेले असते, म्हणून तो निवडला जातो. तिसरा निवडला जातो तो केवळ समाजाला नकोसा म्हणून. येथे आमच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. अपराध कोणाचा आणि शिक्षा कोणाला, हे ठरविण्याची ही रीत आपल्या समाजाने रणांगणावाचूनही पाहिली आहे. हा चित्रपट फ्रान्समध्ये १९७५ पर्यंत दाखविला गेला नाही, ही गोष्टही पुष्कळ काही सांगते.

तिसरा प्रश्न : पडद्यावर कोण नाही?

डेव्हिड लीन यांचा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) भव्य आहे, त्यास सात ऑस्कर मिळाले. परंतु ज्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेची ती कथा, त्या रेल्वेवर युद्धकैद्यांहून कितीतरी अधिक संख्येने आशियाई मजूर मेले. त्यांत मलायातील मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूरही होते. पडद्यावर कथा आहे ती ब्रिटिश कर्नलच्या अभिमानाची.

कोन इचिकावा यांचा 'द बर्मीज हार्प' (१९५६) आमच्या विशेष जिव्हाळ्याचा. मिझुशिमा हा जपानी सैनिक भिक्खूचे वस्त्र प्रथम केवळ वेषांतरासाठी पांघरतो. वाटेत नदीकाठी, डोंगरात बेवारस पडलेली प्रेते त्याला दिसतात. सोबती मायदेशी निघतात. तो मात्र मृतांना मूठमाती देण्यासाठी भिक्खू म्हणून मागे राहतो. वस्त्र पांघरणे आणि ते पेलणे यांतील अंतर इतक्या साधेपणाने दाखविणारा दुसरा चित्रपट आमच्या पाहण्यात नाही. तरीही तिसरा प्रश्न येथेही सुटत नाही. जपानी सैन्याने ब्रह्मी जनतेचे काय केले, हे चित्रपट सांगत नाही. त्याच आघाडीवर लढलेल्या चौदाव्या सैन्यात भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते. १९४१ साली उभारलेल्या महार रेजिमेंटची एक पलटणही तेथे होती. त्यांच्या मृत्यूची कथा कोणी सांगावी? ज्या कलाकृतीवर आपले प्रेम आहे, तिलाही असा प्रश्न विचारता येतो, हे मुलांनी शिकावे.

युद्धविरोधी म्हणविणारा चित्रपटही शेवटी युद्धाचे आकर्षणच वाढवितो, असे मत फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो यांनी मांडले होते. ते हसण्यावारी नेता येत नाही. पडद्यावरचा स्फोट डोळ्यांना सुखावतो, हे खरेच आहे. परंतु मुले आज युद्धाची दृश्ये पाहत नाहीत, असे थोडेच आहे? सुटीत घरी गेलेला मुलगा मोबाईलवर एकटाच ती पाहतो, आणि त्याच्याशी बोलणारे शेजारी कोणी नसते. निवासी शाळेची खरी शक्ती हीच की, येथे शेजारी कोणीतरी असते. एकाने टाळी वाजविली, तर दुसरा विचारू शकतो, "मेला तो कोण होता?"

युद्ध न पाहता केलेली शांतीची प्रार्थना पाठांतरापुरती राहण्याचा धोका असतो. सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंगाची संख्या खोदविली : एक लक्ष मारले गेले, दीड लक्ष पकडून नेले. ज्यांना स्वतःला इजा झाली नाही, पण ज्यांचे आप्तमित्र संकटात सापडले, त्यांच्या दुःखाचीही त्याने नोंद केली. घडले ते झाकून त्याने शांती सांगितली नाही.

म्हणून आमची सूचना अशी : नववीपासून पुढच्या वर्गांसाठी सत्रात दोनच चित्रपट निवडावेत. चित्रपट कशाविषयी आहे, हे आधी सांगावे. ज्याला पाहवत नसेल, त्याला उठून जाण्याची मोकळीक असावी आणि त्याची थट्टा होऊ नये. चर्चेत प्रथम मुलांनी बोलावे, शिक्षकांनी सर्वांत शेवटी. निष्कर्ष फळ्यावर लिहून देऊ नये. त्या रात्री वसतिगृहात दिवे मालवल्यावरही बोलणे चालू राहिले, तर वॉर्डन महोदयांनी थोडी सवलत द्यावी, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.