आवाज आपलाच होता, भाषा कुठे गेली?

१/ पुराणकथांवर आधारलेल्या मेटल संगीताचा विषय निघाला की एक विधान हमखास फेकले जाते : "हे सैतानी संगीत. त्यात देवादिकांना ओढणे ही विटंबना." हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. या संगीताच्या संदर्भात विचारण्याजोगा एक प्रश्न मात्र खरोखर आहे, आणि तो आक्षेपकांच्या ध्यानातही आलेला नाही.

२/ २०१७ साली दोन अल्बम आले. ग्रीसच्या 'कावीर' या ब्लॅक मेटल बँडचा 'एक्सिलास्मोस', म्हणजे प्रायश्चित्त. आणि मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन'चा 'दशावतार'. पहिल्यात टँटलस, थायस्टीस, अ‍ॅगमेम्नॉन, ओरेस्टीस यांच्या शापित घराण्याच्या कथा आहेत. दुसऱ्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची दहा गाणी.

३/ ढोलांचा अतिवेगवान मारा, गिटारचा कर्कश पडदा, घशातून खरवडून काढलेला आवाज : हे झाले या संगीताचे रूप. आता कथा पाहा. थायस्टीसला त्याचा सख्खा भाऊ मेजवानीत त्याच्याच मुलांचे मांस वाढतो. नरसिंह हिरण्यकशिपूचे पोट नखांनी फाडतो. हे प्रसंग संथ आलापीतच गावेत, असा दंडक कोणत्या पुराणात आहे?

४/ "पण मूळ कथा बिघडते!" मूळ म्हणजे कोणती? होमरच्या 'ओडिसी'त पित्याचा सूड घेणारा ओरेस्टीस आदर्श पुत्र ठरतो. तिथे त्याच्यावर खटला नाही. इ. स. पू. ४५८ मध्ये इस्किलसने त्याला अथेन्सच्या अरिओपागस न्यायसभेपुढे उभे केले. का? अवघ्या तीनचार वर्षांपूर्वी त्याच सभेचे बहुतेक अधिकार काढून घेण्यात आले होते आणि नगरात तो वाद धगधगत होता. पुराणकथेचे प्रत्येक नवे रूप आपल्या काळाची साक्ष देते. इतिहासाच्या अभ्यासकाने ती साक्ष नोंदवावी. तिच्यावर विटाळाचा शिक्का मारू नये.

५/ "रंगवलेले चेहरे, काळे वेष, हे आपले नव्हे!" मग सिंधुदुर्गातला दशावतार कुणाचा? त्यातला संकासुर काळ्या पायघोळ वेषात, लोंबती लाल जीभ घेऊन येतो. वेद पळवणारा हा असुर मालवणीत थट्टामस्करी करतो आणि देवळासमोर बसलेले गाव त्याच्यावर जीव टाकते. भयंकराला रंगभूमीवर आणून त्याच्याशी बोलणे ही आपलीच जुनी रीत आहे.

६/ चिकित्सा करायचीच तर अशी करा : मुंबईच्या अल्बममध्ये नववा अवतार बुद्ध आहे. महाराष्ट्रात त्या जागी अनेकदा विठ्ठल आला आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एक, बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हेच सांगते. दहातल्या एका नावात एवढा इतिहास साठलेला असताना चर्चा कशाची, तर गायकाच्या घशाची!

७/ आता माझा प्रश्न. 'कावीर'ची गाणी ग्रीक भाषेत आहेत; प्राचीन ग्रीकही त्यांना वर्ज्य नाही. मुंबईचा 'दशावतार' इंग्रजीत आहे. त्या कलावंतांवर मराठीची सक्ती करण्याचा मला अधिकार नाही, आणि माझा रोखही त्यांच्यावर नाही. माझा रोख आपल्यावर आहे. ग्रीक न कळणारा भडगावचा मुलगा ग्रीक गाणे ऐकून अर्थ शोधत बसतो. मग जग आपली भाषा ऐकणार नाही, हे आपण कशावरून ठरवले?

८/ हा वाद नवा नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. एकनाथांनी रामकथा मराठीत सांगितली, शिवाय भारुडासारखा लोकांच्या तोंडचा प्रकारही हाताळला. संस्कृतावाचून गांभीर्य नाही, ही त्या काळची समजूत. आजच्या समजुतीत संस्कृतच्या जागी इंग्रजी बसली, एवढाच फरक.

९/ विषय शोधायला आम्हां गिरणाकाठच्या लोकांना अथेन्सला जावे लागत नाही. शेजारच्या एरंडोलला दंतकथा एकचक्रानगरी म्हणते आणि जवळच्या पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुर मारला असे सांगते. आमच्याच खान्देशात, सातपुड्याच्या अस्तंभा शिखरावर, अश्वत्थामा आजही जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे.

१०/ हा अश्वत्थामा नीट पाहा. सौप्तिकपर्वात तो झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारतो आणि कृष्ण त्याला ३,००० वर्षे भटकण्याचा शाप देतो. लोकपरंपरेने ती मुदत पुसून टाकली. एवढेच नव्हे, सातपुड्याने त्या शापिताला 'ऋषी' केले; दिवाळीच्या सुमारास शेकडो पायांनी लोक ते शिखर चढतात. अथेन्सने ओरेस्टीसला न्यायसभेत मुक्त केले, सातपुड्याने अश्वत्थाम्याला यात्रेत सामावून घेतले. एवढे मोठे नाट्य आपल्या डोंगरावर उभे आहे.

११/ ते गायला भाषाही आहे. श्रावणात कानबाईची अहिराणी गाणी घुमतात. वहीगायनात डफावर आख्याने रंगतात. आसोद्याच्या, लिहितावाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि बोलीत किती खोल बोलता येते, याबद्दल शंका उरली नाही. तरीही शहरात पाय ठेवताच आपली अहिराणी जिभेखाली दडते. विटंबना शोधायचीच असेल, तर ती इथे शोधा.

१२/ म्हणून इतिहासप्रेमी मित्रांना एवढेच सांगणे : 'कावीर' ऐका, 'दशावतार' ऐका, खुशाल मोठ्या आवाजात ऐका. मग घरातल्या आजीकडून कानबाईचे एक गाणे पूर्ण उतरवून घ्या, तिच्याच शब्दांत, एकही शब्द 'शुद्ध' न करता. उद्या कुणी अश्वत्थाम्याची ती तीन सहस्र वर्षांची वेदना अहिराणीत किंचाळून गाईल, तेव्हा त्याला शब्द तुमच्या वहीतून मिळाले पाहिजेत. (समाप्त)